आमच्या अंगणाखालचा ओढा

माझी तान्ही रूना उणे नऊ अंशांत अंगणात झोपायची, तेव्हा मला कधी भीती वाटली नाही. लोकरीचे दोन थर, वर मेंढीचं कातडं, बाबागाडीचा टप अर्धा ओढलेला, आणि त्यातून दिसणारा नाकाचा लाल शेंडा. मी लहानपणी अशीच झोपले, माझी आईही अशीच झोपली. थंडीची आम्हाला सवय असते. मला भीती वाटत होती ती घोटाभर पाण्याची, आणि तेही अजून कुठे नसलेल्या.

ऑगस्टच्या सुरुवातीला सोसायटीचं पत्र सगळ्यांच्या पेट्यांत पडलं. आमच्या अंगणाखालून गेली साठ वर्षं एक ओढा पाइपातून वाहतोय, तो उघडा करायचा प्रस्ताव होता. ऑस्लोभर असे गाडलेले ओढे उघडे करणं चालू आहे, कारण हल्ली पाऊस आला की आभाळ फाटल्यासारखा येतो, जुने पाइप तुंबतात आणि तळघरांत पाणी शिरतं. खास सभा सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी. घरं चोवीस, मंजुरीला सोळा मतं हवीत.

पत्र टेबलावर ठेवून मी खिडकीत गेले. खाली वाळूचा हौद आणि पलीकडे हिरवळीचा तो लांबट पट्टा, जिथून ओढा जाणार होता. हौदापासून तिथपर्यंत माझी अकरा पावलं. रूनाची सव्वीस. संध्याकाळी खाली जाऊन मोजली.

"दहा-पंधरा सेंटीमीटर पाणी असेल गं," शेतिल म्हणाला. शेतिल माझा नवरा. त्याला कशाचंच काही वाटत नाही, म्हणून त्याच्या वाट्याचंही मलाच वाटून घ्यावं लागतं.

"पाच सेंटीमीटरमध्येही मूल बुडतं."

"कुठे वाचलंस?"

"सगळीकडे."

"सुनिवा, आपण राहतो कुठे? समोर खाडी, मागे डोंगरात तळी, मधून नद्या. या गावात पाणी टाळायचं तर फुग्यात बसून वर राहायला जावं लागेल."

"मी टाळतेच आहे," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं. अख्खा उन्हाळा गेला, सगळे बोटीने बेटांवर जाऊन आले, आम्ही नाही. कधी वारा होता, कधी गांधीलमाश्या होत्या, कधी गवतातल्या गोचिडी.

आमच्याकडे भांडण तोंडावर करत नाहीत. तळघरातल्या धुण्याच्या खोलीत चिठ्ठी लावतात, खाली नाव न लिहिता. मी रीतसर छापूनच घेतली: "ज्यांच्या घरात लहान मूल नाही, त्यांनी आमच्या मुलांच्या जिवाशी खेळू नये. – एक आई." चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी. शिवाय तीन घरी जाऊन माझ्या बाजूची मतं पक्की केली. चौथ्या मजल्यावरच्या होदानची सभेच्या दिवशी रुग्णालयात ड्यूटी होती, तर तिचं मत मी द्यावं म्हणून तिने प्रॉक्सीचा कागदच सही करून दिला. "विरोध म्हणजे विरोधच ना?" तिने विचारलं. "विरोधच," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी धुणं घेऊन खाली गेले, तर माझ्या चिठ्ठीखाली पेनाने लिहिलेलं: "ड्रायरची जाळी साफ न करणाऱ्यांनीही लोकांच्या जिवाशी खेळू नये. – दुसरा मजला." त्याखाली: "निळा मोजा सापडला. एकच." आणि सगळ्यात खाली, पेन्सिलीने, जुन्या शाळेतल्या तिरक्या अक्षरात: "प्रिय आई, शनिवारी सकाळी दहाला मी ओढ्याच्या वाटेने खाडीपर्यंत चालत जाणार आहे. सोबत या. मोजायची पट्टी माझ्याकडे आहे. – ओस्मुन, तिसरा मजला."

अख्ख्या कागदावर नाव लिहिलेला तो एकटा माणूस.

मी जाणार नव्हते. शनिवारी साडेनऊलाच बेल वाजली. दारात ओस्मुन. वय ऐंशी, चाळीस वर्षं शहराच्या पाइपखात्यात काढलेली, आणि ओढ्याचा प्रस्ताव मांडणारा हाच. मागच्या खिशात सुताराची घडीची पट्टी, खांद्याला थर्मास.

"अजून तयार नाहीस?"

"कशाला?"

"चिठ्ठी तुझीच ना?"

"कोण म्हणालं?"

"चोवीस घरांत खिडकीत उभी राहून नसलेल्या ओढ्यावर पहारा देणारी तूच एकटी. शिवाय स्वल्पविराम जागच्या जागी होता."

आतून शेतिल तोंडात पाव कोंबलेला असतानाच ओरडला, "जा, जा!"

"तुला कुणी विचारलं?" मी म्हणाले, आणि बूट घालून रूनाला बाबागाडीत बसवलं.

ओस्मुन चालतो सावकाश, पण थांबतो फार. एका इमारतीच्या भिंतीला जिन्यासारखी वर चढत गेलेली भेग. "खाली ओढा आहे. जमीन खचते." पार्किंगच्या कडेला पाण्याकाठी वाढणारी एक वाळुंज, आजूबाजूची झाडं करपलेली आणि ती मात्र टवटवीत. "हिला पाणी कोण घालतं, सांग." एक कोपऱ्यावरचं दुकान, ज्याचं दार कधी नीट लागत नाही, मालकीणबाई कडीला दोरी बांधतात. मी आठ वर्षं या रस्त्याने ये-जा करत होते. शहराच्या पोटातून अशी एक वाट गेलीय, हे मला ठाऊक नव्हतं.

एका लोखंडी झाकणापाशी तो गुडघे कुरकुरवत खाली बसला. "ऐका."

रूनाला मी गाडीतून उतरवलं. वीस महिन्यांची ती, बोलणं अजून चार-पाच शब्दांचं. पालथी पडून तिने झाकणाला कान लावला. मीही वाकले. खाली कुणीतरी न थांबता बडबडत होतं. रूना खुदकन हसली आणि झाकणावर थापटी मारली.

"ओळख झाली," ओस्मुन म्हणाला.

"झाकणामधून. झाकण राहू द्या."

पुढे बाकावर बसून आम्ही कॉफी प्यायलो. त्याने कुरकुरीत पावावर तपकिरी चीजचे पातळ काप ठेवून दिले, रूनाला एक वेगळा, कडा मोडून. मग कोटातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक कागद काढला. नगरपालिकेला लिहिलेल्या जुन्या अर्जाची प्रत. कामगारवस्तीतल्या एक्केचाळीस आयांचा अर्ज. आमच्या अंगणातून वाहणाऱ्या पाण्यात चामड्याच्या कारखान्याचा रंग येतो, संडासांची घाण येते, उंदीर मांजराएवढे झालेत, मुलांच्या पायांना फोड येतात. हा नाला बंद करा.

"एखादं मूल बुडालं होतं?" मी विचारलं. मला ते हवं होतं, असं नाही. पण सभेत उपयोगी पडलं असतं, हे मनात येऊन गेलं.

"नाही. मी पडलो होतो, दहा वर्षांचा असताना. बुडलो नाही, पण तीन आठवडे अंगाचा वास जाईना. वर्गात माझ्या बाकावर कुणी बसायला तयार नव्हतं." त्याने पहिल्या सहीवर बोट ठेवलं. "बोर्गहिल्ड. माझी आई. दारोदार फिरून सह्या तिनेच घेतल्या."

"मग बरोबर होत्या त्या."

"शंभर टक्के. पुढे काम निघालं तेव्हा मी अठराचा. पाइप खाली सोडणाऱ्या टोळीत मीच. आई खिडकीतून बघत होती. दोरीला बांधून कॉफीचा डबा सोडायची. इतकी खूश मी तिला पुन्हा कधी पाहिलं नाही."

"आणि तुम्ही आता तिचंच काम उकरून काढताय?"

"आईचा राग घाणीवर होता गं. आता कारखाना नाही, संडासाचं पाणी वेगळं जातं. वरून येतं ते डोंगरातलं, काचेसारखं. ते आपण अंधारात डांबून ठेवलंय."

मी सह्या वाचत राहिले. काही अक्षरं थरथरती, एकीने नावापुढे "पाच मुलं" असं लिहिलेलं. प्रत्येकीने घरनंबरही दिला होता. माझी चिठ्ठी "एक आई" एवढीच होती. मी कागद परत दिला.

उतारावरून आम्ही जुन्या गावात आलो. चर्चच्या दगडी पायाचे अवशेष, भोवती गवत, रेल्वेचे रूळ आणि त्यापलीकडे नव्या काचेच्या इमारती. ओस्मुनचं घराणं इथलं.

"माझी आजी सांगायची, मी ऑस्लोत राहते. आणि पलीकडचे पैसेवाले हसायचे. कारण शहराचं नाव होतं क्रिस्तियानिया. ऑस्लो म्हणजे इथल्या या चार गरीब गल्ल्या."

"ते शाळेत शिकवतात, ओस्मुन. गाव तीन दिवस जळत होतं, मग राजाने ते उचलून किल्ल्यापाशी नेलं आणि स्वतःचं नाव दिलं."

"शाळेत पुढचं सांगत नाहीत. तीनशे वर्षांनी शहराला अक्कल आली, जुनं नाव परत घ्यावं म्हणाले. बरं. मग आमचं नाव अख्ख्या शहराला वाटून टाकलं आणि आम्हाला म्हणायला लागले, 'जुनं गाव'! आजी मरेपर्यंत धुसफुसत होती. 'नाव आमचं, आणि आम्हीच बिननावाचे!'"

मी हसले. तो रंगात आला होता. समुद्र पूर्वी इथवर होता म्हणे, होड्या चर्चच्या पायरीशी लागायच्या. वरचं बर्फाचं ओझं हजारो वर्षांपूर्वी उतरलं, तरी जमीन अजून अंग सैल करत वर येतेय. तो हाताने दाखवत होता, कुठवर पाणी, कुठवर चिखल. मी त्याच्या हाताकडे पाहत होते.

चार सेकंद असतील. फार तर पाच.

रूना गवतातून चालत होती. गवत संपलं तिथे एक उथळ तळं होतं, शेवाळाच्या बारीक पानांनी काठापासून काठापर्यंत झाकलेलं. गवतही हिरवं, तेही हिरवं. ती थांबली नाही. वेगही कमी केला नाही. गालिच्यावरून गालिच्यावर जावं तशी सरळ पुढे गेली. हिरवळ उघडली आणि तिला छातीपर्यंत गिळलं. मग डोकं गेलं. आवाज काहीच झाला नाही.

मी पाण्यात कशी गेले, आठवत नाही. कंबरेला चिखल लागलेला आठवतो. जाकिटाच्या पाठीला धरून तिला वर ओढलं. ती खोकली, ओकली, आणि मग अशी किंचाळली की रुळांपलीकडची माणसं वळून बघायला लागली. तिच्या तोंडावर, पापण्यांवर हिरवे ठिपकेच ठिपके. मी ते एकेक करून काढत होते आणि मोजतही होते, तसं का करत होते देव जाणे.

ओस्मुनने स्वेटर काढून तिला गुंडाळलं. तो गवतात बसूनच राहिला.

"मी बोलावलं तुला," तो म्हणाला. "प्रस्ताव मागे घेतो. तुझंच बरोबर होतं."

बसमध्ये रूना माझ्या छातीशी झोपून गेली. मला हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं. आणि माझ्या डोळ्यांसमोर फक्त तिची पावलं येत होती. न थांबलेली. ती पाण्याकडे धावली नव्हती. समोर पाणी आहे, हेच तिला कळलं नव्हतं. खाडीच्या काठच्या शहरात वीस महिने वाढलेल्या माझ्या मुलीला पाणी ओळखता येत नव्हतं, कारण मी तिला ते कधी दाखवलंच नव्हतं. तिला ठाऊक होतं ते टबातलं. थर्मामीटर लावून पाहिलेलं, सदतीस अंशांचं.

शेतिलला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता पाण्याजवळ न्यायचंच नाही, असं म्हणणार असशील, तर आज मी भांडणार नाही."

"उद्या नेणार आहे," मी म्हणाले.

नदी जिथे दगडगोट्यांवरून पसरट वाहते, तिथे आम्ही रोज जायला लागलो. रबरी बूट, माझा हात तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर. पहिल्या दिवशी तिने पाहूनच रडायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी सरळ आत शिरली, घसरली, बुडावर आपटली, माझ्याकडे रागाने पाहिलं. चौथ्या दिवशी काठाशी येऊन थांबली. एका पायाने चाचपलं. वाकून पाण्यावर थापटी मारली, झाकणावर मारली होती तशी, आणि मगच पाय टाकला. मी त्या दिवशी नदीकाठी बसून थोडं रडून घेतलं. बदकं सोडून कुणी बघत नव्हतं.

सभेच्या आदल्या दिवशी मी होदानची बेल वाजवली. "तुझा कागद परत घे. मी बाजू बदललीय."

ती ड्यूटीवरून नुकतीच आली होती, पायात एकच बूट. "त्या शनिवारी तुला जिन्यात पाहिलं मी. चिखलाने माखलेली, पोर कडेवर. मला वाटलं, आता ही पाइपावर सिमेंटच ओतून घेईल."

मी तिला सांगितलं. पावलं, शेवाळ, चौथा दिवस. ती दाराला टेकून ऐकत होती.

"मला पोहता येत नाही," ती म्हणाली. "माझ्या आईलाही येत नव्हतं. माझी तिन्ही मुलं शाळेत शिकली आणि आता मला चिडवतात. कागद ठेव तुझ्याकडे. तुला हवं तिकडे मत दे. पण खोली दहा सेंटीमीटर, असं लेखी हवं. तोंडी नको. तोंडी सगळेच गोड बोलतात."

ओस्मुनकडे गेले, तर तो दार अर्धंच उघडून उभा. "मागे घेतला म्हणजे घेतला."

"मग मी मांडते."

"पोर बुडता बुडता वाचली तुझी!"

"म्हणूनच. तुमची आई दारोदार फिरली, मला निदान एकदा उभं तर राहू द्या."

"आईचं नाव मध्ये आणू नकोस."

"तुम्हीच आणलंत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून."

त्याने दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी धुण्याच्या खोलीत नवी चिठ्ठी लावली. माझ्या अटी, खाली माझं नाव, मजला, घरनंबर. जुनी काढून टाकली. मोज्याची ओळ मात्र कापून पुन्हा चिकटवली, मोजा अजून तिथेच लोंबत होता.

सभा तळघरातल्या मोठ्या खोलीत. कॉफी, वाफल, आंबट साय, जॅम. अध्यक्ष विग्दिसने चष्मा लावला. "ओस्मुनने प्रस्ताव मागे घेतलाय, तेव्हा विषय संपला."

मी उभी राहिले. "तो मी मांडतेय."

"तू? चिठ्ठीवाली?"

म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक होतं. हसण्याची एक लाट खोलीभर फिरून गेली. माझा चेहरा तापला, पण मी कागद उलगडला. पाणी दहा सेंटीमीटर, जास्त नाही. तळाशी गोटे, चिखल नाही, शेवाळ साठेल असा कोपरा नाही. दोन्ही काठ इतके उतरते की रांगणारं मूल स्वतःहून बाहेर येईल. आणि काठाला फिकट दगडांची ओळ, म्हणजे जमीन कुठे संपते ते दिसेल. मग तळ्याची गोष्ट सांगितली. आपण सगळे इथे राहतो, मुलं इथेच मोठी होणार, त्यांना पाणी कुठे ना कुठे भेटणारच. पहिली भेट आपल्या डोळ्यांदेखत, घोटाभर पाण्यात होऊ दे. एवढंच मला सांगायचं होतं.

दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "आणि ड्रायरच्या जाळीचं काय?"

"तो पुढचा विषय," विग्दिस म्हणाली. "हात वर करा."

तिने बोटाने मोजलं. एकदा, पुन्हा एकदा. "चौदा."

मी होदानचा कागद वर धरला. "पंधरा."

ज्या दोन घरी मीच विरोधासाठी गेले होते, त्या दोघी खाली मान घालून वाफल कापत बसल्या होत्या. त्यांचा मला राग आला नाही. महिन्यापूर्वी मीही तशीच बसले असते. शेवटच्या रांगेत ओस्मुन हाताची घडी घालून बसला होता.

"ओस्मुन," मी म्हणाले. "हात."

"खांदा दुखतो."

"दुसरा वर करा."

"तोही दुखतो."

"मग उभे राहा!"

मग तो समोरच्या खुर्चीचा आधार घेऊन उठला, गुडघे कुरकुरवत, आणि उभा राहिल्यावर हातही वर केला. अगदी सरळ. खांद्याला काहीसुद्धा झालेलं नव्हतं.

"सोळा," विग्दिस म्हणाली, आणि लगेच, "ओढा समितीत कोण येणार?" यावर सगळेजण वाफलमध्ये गुंतले. आमच्याकडे अशा वेळी जो प्रथम मान वर करतो तो निवडला जातो. मी वर केली. थोड्या वेळाने ओस्मुननेही.

पाइप एप्रिलमध्ये उघडणार आहेत. समितीच्या तीन बैठका झाल्या, माझ्याच स्वयंपाकघरात. रूना टेबलाखाली ओस्मुनची पट्टी उघडते आणि मिटते.

"बारा सेंटीमीटर लागतील," तो कालही म्हणाला. "एखाद्या ठिकाणी तरी. नाहीतर मासा यायचा नाही."

"दहा ठरलंय. लेखी आहे. होदानला काय सांगू?"

"ट्राउट गं, बोटाएवढा. डोंगरातून खाली येईल, अंगणातून खाडीपर्यंत जाईल. साठ वर्षांत गेलेला नाही."

"मासा दिसला की रूना त्याच्या मागे धावेल."

"धावेल की."

मी खिडकीतून खाली पाहिलं. हिरवळीच्या पट्ट्यावर आता खुंट्या आणि दोरी आहे. मग वहीत लिहिलं: मासा – एक जागा, बारा सेंटीमीटर, हौदापासून लांब. होदानला विचारायचं.